काचेवरचा मासा

ऑक्टोबरात, भर दुपारी दोन वाजता, चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत कुणी येऊन थंडीचं गाऱ्हाणं सांगू लागला, तर त्याला आधी पंख्याखाली बसवून पाणी द्यावं, एवढी माणुसकी कल्पिताकडे होती. तिने तेच केलं.

तो खरं तर चुकून आला होता. त्याला गाळा नंबर सत्तावीस हवा होता आणि हा होता सदतीस. सत्तावीसवाले वर्षापूर्वीच गाशा गुंडाळून भिवंडीला गेले होते, पण त्यांची जाहिरात इंटरनेटवर अजून हसत उभी होती. त्या जाहिरातीच्या भरवशावर हा बिचारा पार्ल्याहून रिक्षा करून आला होता.

"इथे काय बनतं?" त्याने घामाने घसरलेला चष्मा वर ढकलत विचारलं.

"पेट्या. मासळीच्या, बर्फाच्या. आणि कुणाला हवी असली तर आख्खी कोल्ड रूम."

"म्हणजे तुम्ही थंडी आत कोंडता."

"हो. धंदाच तो आहे."

"मला बाहेर ठेवायची आहे."

कल्पिताने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. तिशीचा असेल. बोटांना काळी शाई, शर्टाची एक बाही दुमडलेली, दुसरी तशीच राहिलेली. चेहरा मात्र शुद्धीवर असलेल्या माणसाचा होता.

"कुठे? अंधेरीत?"

"धारखेतला. उत्तराखंडात, कुमाऊँमध्ये, मुक्तेश्वरच्या वर. जानेवारीत उणे चारपर्यंत जातं."

"उणे चारला आमच्याकडे माणसं नाही, सुरमई ठेवतात," ती म्हणाली आणि हसली. तोही हसला, पण थोडा उशिरा.

मग त्याने सांगितलं. त्याचं नाव धवल. शाळेच्या पुस्तकांतल्या आकृत्या आणि नकाशे काढायचं काम. धारखेतचं घर त्याच्या आईवडिलांनी वीस वर्षांपूर्वी घेतलेलं, दगडाच्या भिंती आणि लाकडी छप्पर. दर मे महिन्यात दोघं तिथे जायची. आई, मृणालिनी, चार वर्षांपूर्वी गेली. तिने लावलेला जर्दाळू तिथे आता छपरापर्यंत आलाय. वडील, श्यामसुंदर, गेल्या हिवाळ्यात हट्टाने तिथे राहिले आणि न्यूमोनिया घेऊन खाली उतरले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की घर गरम आणि कोरडं असेल तरच पुन्हा हिवाळा, नाहीतर पार्ल्यातल्या खिडकीत बसून राहायचं.

"ते बोलत नाहीत काही," धवल म्हणाला. "फक्त रोज सकाळी तिथलं तापमान बघतात फोनवर. मला ते घर नीट करून द्यायचंय. ह्याच हिवाळ्यात."

टेबलावरच्या स्टीलच्या ग्लासाला बाहेरून घाम फुटला होता, त्याचं एक गोल तळं कागदांकडे सरकत होतं. कल्पिताने ग्लास उचलला आणि कागद वाचवले.

"हे बघा. गार पाणी आत, दमट हवा बाहेर. म्हणून पाणी बाहेर धरतं. म्हणून आम्ही पेटीला प्लॅस्टिकचा पडदा नेहमी बाहेरच्या अंगाला लावतो, म्हणजे ओल आतल्या थरात शिरत नाही. थर भिजला की सगळं वाया. एवढं एक लक्षात ठेवलं ना, अर्धं काम झालं."

"मग... कराल?"

"मी घराचं काम कधी केलं नाही."

"मी कधी करून घेतलं नाही," तो म्हणाला. "फिट्टंफाट."

तिचा काका अनंत गाळ्याचा मालक होता. तो मागच्या बाजूने सगळं ऐकत होता आणि त्याने नुसतं खाकरून आपली संमती कळवली. पुतणीच्या बाबतीत तो नेहमीच असा खाकरून बोलायचा.

तीन आठवडे धवल येत राहिला. कधी मोजमापं घेऊन, कधी काहीतरी विचारायचं राहिलं म्हणून, आणि एकदा तर छत्री विसरली म्हणून. त्या दिवशी पावसाचा मागमूस नव्हता आणि त्याच्याकडे छत्री कधीच नव्हती. कल्पिताने ती शोधायला मदतही केली. असल्या गोष्टी शोधायला वेळ लागतोच.

भिंतीला कुठला थर द्यायचा, यावरून मात्र दोघांचं जमेना. धवलने वाचून वाचून डोकं भरून घेतलं होतं. कल्पिताचा वाचण्यावर फारसा विश्वास नव्हता.

"पुस्तकात काय, कुणीही काहीही लिहील," ती म्हणाली.

"मी पुस्तकांतच काम करतो."

"म्हणूनच सांगते. रविवारी खारदांड्याला या. बर्फाला विचारू."

खारदांड्याच्या कोळीवाड्यात कल्पिताचं घर अगदी किनाऱ्याच्या गल्लीत होतं. पुढे बांबूंवर बोंबील वाळत होते, आणि अंगणात तिने सारख्या मापाची चार लाकडी खोकी मांडून ठेवली होती. एकात थर्माकोल, एकात काचेचा कापूस, एकात पिवळा कडक फोम, आणि चौथ्यात मेंढीची भरड लोकर. ही लोकर धारखेतच्या सुताराने, चंद्रप्रकाशने, पोतं भरून पाठवली होती. तिचा वास असा होता की बोंबलांनीसुद्धा नाक मुरडलं असतं.

कल्पिताची आई, पुतळाबाई, बाजाराचा वजनकाटा घेऊन बाहेर आली. तिने बर्फाची लादी फोडून चार सारखे तुकडे तोलले आणि मग धवलला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ह्यो कोन गं?"

"गिऱ्हाईक आहे, आई."

"गिऱ्हाईक बरफ बघाला घरी येतंय?" पुतळाबाई म्हणाली. "मावरं खातस का नाय रं?"

"खातो... पण काट्यांची भीती वाटते," धवलने खरं ते सांगितलं.

"मंग बोंबील खा. त्याला काटा लागत नाय," असं म्हणून ती चुलीकडे गेली. धवलचं निम्मं काम तिथेच झालं होतं, पण त्याला त्याची कल्पना नव्हती.

सकाळी आठला चारही खोक्यांत बर्फ ठेवून झाकणं लागली. चारला उघडायची होती. मधे आठ तास... आणि बर्फ वितळायची वाट बघण्याखेरीज करण्यासारखं काहीच नाही. पायरीवर दोघं बसली. समोर होड्या, भरतीचं पाणी, वाळणाऱ्या बोंबलांची सावली. तासाभरात 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. कल्पिताला निदान कळलं नाही असं दाखवता आलं.

"मधे एकदा उघडून बघूया ना," तो म्हणाला.

"हात लाव, मग बघ. झाकण उघडलं की थंडी जाते. लहानपणी मी उघडायचे तर आई उलथनं फेकायची."

"लागलं कधी?"

"एकदा. हे बघ." तिने कोपराखालचा जुना व्रण दाखवला. त्याने तो जरा जास्तच वेळ पाहिला.

"छान आहे," तो म्हणाला.

"व्रण?"

"हो... म्हणजे, व्रणच."

ती पाण्याकडे बघत राहिली, कारण हसू आलेलं त्याला दिसायला नको होतं.

जेवण झाल्यावर त्याने सहज, बोंबलाची चव तोंडात असतानाच सांगितलं, "बाबांना तिथे एकटं नाही ठेवणार मी. काम काय, लॅपटॉपवर कुठूनही होतं. घर झालं की मीही जाईन राहायला."

"कायमचा?"

"तसंच ठरवलंय... ठरवलं होतं."

कल्पिता उठली आणि तिने लोकरीच्या खोक्याचं झाकण उघडलं. कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं. बर्फ जागच्या जागी होता. तिने झाकण पुन्हा लावलं. पुतळाबाई दारातून बघत होती, पण ह्या वेळी तिने काही फेकलं नाही.

चार वाजता वजनं झाली. फोम पहिला आला. पण धारखेतच्या घरात लाकडाची शेगडी पेटायची आणि फोम पेटला तर त्याचा धूर जीव घेतो, तो बाद. थर्माकोललाही तेच कलम लागलं. काचेच्या कापसाची बारीक कुसळं श्यामसुंदरांच्या छातीला सोसली नसती. उरली लोकर. बर्फ थोडा कमी राखला होता तिने, पण थर दुप्पट जाड दिला की ते भरून निघणार होतं, आणि लोकर तर तिथलीच, डोंगरावरची.

"लोकर," कल्पिता म्हणाली. एका क्षणापुरतं तिच्या मनात येऊन गेलं की सुचवावं काहीतरी ढिसाळ, राहू दे ते घर गार, बसू दे ह्याला पार्ल्यात. पण हात खोटं काम करायला तयार होईनात. जितकं चांगलं काम करू तितका हा लवकर जाणार, हे तिला लख्ख दिसत होतं, आणि तरी तिने वहीच्या पाठकोऱ्या कागदावर भिंतीचा थर न् थर काढून दिला: दगड, त्याला लागून प्लॅस्टिकचा पडदा, मग लोकर, मग आतून देवदाराच्या फळ्या. पडदा बाहेरच्या अंगाला. नेहमीसारखा.

धवलने तो कागद घरी नेला आणि शाईने इतका सुबक उतरवून आणला की अनंतकाका दोनदा खाकरला.

नोव्हेंबरच्या मध्यावर पडदा, चिकटपट्ट्या आणि दारांच्या रबरी पट्ट्यांचे गठ्ठे धारखेतला निघाले. निघायच्या दिवशी धवल गाळ्यावर आला.

"कल्पिता, मला ना..."

"काय?"

"...चिकटपट्टी पुरेल ना?"

"पुरेल," ती म्हणाली. तो गेल्यावर तिने एका रिकाम्या पेटीचं झाकण उगाच आपटून लावलं.

मग रोज सकाळी फोटो येऊ लागले. निघालेल्या जुन्या फळ्या, उन्हात वाळत घातलेली लोकर, कानटोपीतले श्यामसुंदर, पानं झडलेला जर्दाळू. वडिलांना त्याने बरोबरच नेलं होतं. ते ऐकेनात म्हणून. फोटोखाली एखादंच वाक्य असायचं. "आज उणे एक." "चंद्रप्रकाश म्हणतो, ह्या मॅडमना सुतारकाम येतं वाटतं." कल्पिता चहा पिताना ते बघायची आणि चहा गार व्हायचा.

एका सकाळी नुसत्या खिडकीचा फोटो आला. काचेवर दाट वाफ धरली होती, आणि त्या वाफेत बोटाने एक मासा काढला होता. गोल डोळा, किंचित आश्चर्यचकित चेहरा, आणि तीन बुडबुडे. खाली लिहिलं होतं, "सुप्रभात म्हणतोय. काटे नाहीत त्याला."

कल्पिता एकटीच हसली. फोटो मोठा करून बघितला. त्याचं बोट काचेवरून कसं फिरलं असेल, ते तिने आपल्या बोटाने फिरवून पाहिलं... आणि तिचं बोट थांबलं.

हा मासा त्याने घरात उभं राहून काढला होता.

वाफ आतून धरली होती. आतून. तिथे गारवा बाहेर होता आणि दमट हवा घरात: चहाची, भाताची, माणसांच्या श्वासाची. ती वाफ फळ्यांच्या फटींतून लोकरीत शिरणार, गार दगडापाशी पोचणार आणि तिथल्या प्लॅस्टिकला आपटून पाणी होणार. लोकर भिजणार. लाकूड कुजणार. दोन हिवाळ्यांत भिंतीला बुरशी, आणि त्या भिंतीशी श्यामसुंदरांची छाती. जन्मभर तिने पडदा बाहेर लावला होता, कारण जन्मभर तिचा गारवा आत होता. तिने त्याच्या वडिलांसाठी माशाची पेटी बांधली होती.

क्षणभर तिला वाटलं, कुणाला कळणार आहे? कळेल तेव्हा तो गाळा नंबर सदतीस विसरलेलासुद्धा असेल. मग तिने स्वतःलाच एक कोळीवाड्यातली शिवी दिली आणि फोन लावला.

"मासा आवडला?" धवलचा आवाज खुशीत होता.

"धवल, काम थांबव. माझं चुकलंय."

तिने एका दमात सगळं सांगितलं. ग्लास, घाम, खिडकी, सगळं. पलीकडे श्यामसुंदर खोकत होते, तेही तिला ऐकू आलं.

"दोन भिंती पूर्ण झाल्यात," तो म्हणाला.

"उघडाव्या लागतील. पडदा काढून फळ्यांच्या मागे, आतल्या अंगाला घ्यायचा. आणि खिडक्यांना दुसरी काच बसवा. मी... माझ्यावर भरवसा ठेवू नकोस हवं तर. दुसऱ्या कुणाला विचार."

"तू सांगितलंस आणि मी शाईने रेघ ओढली. माझ्याही डोक्यात आलं नाही," तो म्हणाला. मग फोनवर दुसराच आवाज आला, सावकाश, जरा घोगरा.

"मी श्यामसुंदर. बेटा, तू हे सांगितलं नसतंस, तर आम्हाला कधी कळलं असतं?"

"दोन-तीन वर्षांनी, काका. फळी हातात आल्यावर."

"हं," ते म्हणाले. "चंद्रप्रकाशला हाक मारतो. तूच सांग त्याला."

बर्फ पडायच्या आत सगळं उलटं करायचं होतं. पुढचे तीन आठवडे रंगाच्या डब्याला टेकवलेल्या फोनवर कल्पिता धारखेतच्या भिंतीसमोर उभी राहिली. गाळ्यात पंखा घरघरत होता, पलीकडे माणसं स्वेटरात होती, आणि ती ओरडत होती, "चंद्रप्रकाशजी, कोने में पट्टी दो बार, फट नहीं छोडने का!" धवल मधूनच फोनच्या पडद्यात डोकावायचा. नाकाला लाली, केसांत लोकर.

"अजून काही, मॅडम?"

"स्वेटर उलटा घातलायस."

"तुला दिसावं म्हणून."

डिसेंबरच्या शेवटी शेवटची फळी बसली. मग बोलायला कारणच उरलं नाही. दोन-चार दिवस इकडचे तिकडचे निरोप झाले, मग तिकडे बर्फ पडला, रेंज गेली आणि फोटो थांबले. कल्पिताने स्वतःची समजूत घातली. काम छान झालं. घर उबदार झालं. गिऱ्हाईक सुखी. असं तिने इतक्यांदा म्हटलं की एक दिवस पुतळाबाई मासळी साफ करता करता म्हणाली, "गिऱ्हाईक सुखी, तर तुजा तोंड का उतरलाय?" कल्पिताला तो हवा होता, एवढी साधी गोष्ट होती, आणि ती तिने स्वतःच्या हातांनी, पट्टी दोनदा मारून, डोंगरावर पक्की बंद करून टाकली होती.

फेब्रुवारीतली एक दुपार. गाळ्याच्या दारात कुणीतरी उभं राहिलं.

"सत्तावीस नंबर हाच का?"

तिने वर बघितलं. धवल होता. दाढी वाढलेली, खांद्यावर पिशवी, आणि ह्या वेळी दोन्ही बाह्या दुमडलेल्या.

"सदतीस आहे," ती कशीबशी म्हणाली. "घराला काय झालं? गळतंय?"

"बाहेर उणे पाच होतं. आत सतरा. लोकर सुकी खडखडीत आहे, चंद्रप्रकाशने एक फळी काढून बघितली. बाबा खोकत नाहीत. रोज सकाळी आईच्या झाडाला कळी धरली का ते खिडकीतून बघतात."

"मग?"

"मग काय... तू दुसरी काच लावायला सांगितलीस ना. आता काचेवर वाफच धरत नाही." तो थांबला, चष्मा वर ढकलला. "मासा काढायला जागा उरली नाही, कल्पिता. दोन आठवडे बघत होतो. शेवटी बाबांनीच हाकललं. म्हणाले, घर गरम झालं, तू का कुडकुडतोयस? ज्या मुलीने आपली चूक आपण होऊन फोनवर सांगितली, तिला निदान जाऊन भेटून ये."

"आणि ते एकटे?"

"चंद्रप्रकाशचं घर लागूनच आहे. त्यांची बुद्धिबळं रंगलीयत. मी जाऊन-येऊन राहीन. थोडा वर, थोडा इथे... इथे कुणाला चालणार असेल तर. मला तू आवडतेस. हे मी चिकटपट्टीच्या वेळीच सांगणार होतो."

आतल्या बाजूला अनंतकाका खाकरला, आणि मग आयुष्यात पहिल्यांदाच समजूतदारपणे मागच्या दाराने बाहेर गेला.

कल्पिताने पेटीतल्या बर्फातून पाण्याची बाटली काढली, स्टीलचा ग्लास भरला आणि टेबलावर त्याच्यासमोर ठेवला. दोघं बघत राहिली. बघता बघता ग्लासाला बाहेरून बारीक वाफ धरली.

"इथे बाहेर धरते," ती म्हणाली. "काढ."

त्याने बोट टेकवलं. गोल डोळा, शेपूट, तीन बुडबुडे. ग्लास गोल असल्यामुळे मासा जरा वाकडा आला.

"जून-जुलै मासेमारी बंद असते," कल्पिता ग्लासाकडे बघतच म्हणाली. "पेट्या कुणी घेत नाही. तेव्हा मी वर येईन. काम कसं झालंय ते बघायला."

"फक्त काम?"

तिने ग्लास आपल्याकडे फिरवला, आणि त्याच्या माशाला नाक लागेल इतक्या जवळ दुसरा मासा काढला.